भाजीचं पाणी

बाजार उठायच्या वेळेला बाजार करायचा, ही म्हातारीची जन्माची रीत. सकाळी जातात ते हौशी लोक, असं तिचं ठाम मत होतं. सकाळी भाजी ताजी असते तशा भाजीवाल्याही ताज्या असतात. त्यांची पाठ ताठ असते, जिभेला धार असते आणि भाव काही केल्या खाली उतरत नाही. संध्याकाळी भाजी कोमेजते तशी माणसंही कोमेजतात. पाय भरून आलेले, घरी पोरं वाट बघत बसलेली, उरलेला माल परत वाहून न्यायचा म्हणजे जिवावर येतं. मग काटा बाजूला ठेवतात आणि गोणपाटावर वाटे लावतात. हा बटाट्याचा वाटा, हा टोमॅटोचा, हा दबलेल्या पेरूंचा. पसंत पडेल तो वाटा उचलायचा, ठरलेलं नाणं टाकायचं. वजन नाही, घासाघीस नाही.

म्हणजे इतरांसाठी नाही.

"आल्या बघ तपासनीसबाई," कोपऱ्यावरची भाजीवाली शेजारणीला म्हणाली. "झाक गं तो पालक, नाहीतर काडी काडी उलटून बघतील."

"झाकण्यासारखाच आहे तो," म्हातारी गुडघ्यावर हात टेकत खाली बसली. "सकाळपासून पाणी मारून मारून सर्दी झाली असेल बिचाऱ्याला."

"मावशी, फुकट दिला तरी तुम्ही त्यात खोट काढाल."

"देऊन तर बघ."

देवाने तिच्या बोटांत काय ठेवलं होतं कोण जाणे. डोळे अधू झाले होते, पण बटाटा नुसता हातात घेतला की आतून काळा आहे की नाही हे तिला कळायचं. वाट्यात खाली एखादा फुटका टोमॅटो दडवलेला असणारच. तो ती अलगद काढायची आणि शेजारच्या वाट्यातला धडधाकट त्याच्या जागी ठेवायची, इतक्या सफाईने की भाजीवालीला रागवावं की हसावं कळायचं नाही. अर्धी नासलेली फळं ती आनंदाने घ्यायची, कारण अर्धी नासलेली म्हणजे अर्धी चांगली. घरी तिची सुरी चालू झाली की नासकं तेवढंच जायचं, त्याच्याबरोबर नखाएवढंही चांगलं जायचं नाही. देठं, साली, कोबीची बाहेरची राठ पानं, सगळ्यांना तिच्या पातेल्यात जागा होती. नवरा लवकर गेला. एकुलत्या एका मुलाला तिने असं उरल्यासुरल्यावर वाढवलं, पण शेजारची पोरं नुसत्या भातावर दिवस काढायची तेव्हाही तिच्या मुलाच्या ताटात गाजराचे काप असायचे. ह्याचा तिला अभिमान होता. अभिमान म्हणा, भक्ती म्हणा. तिचं आयुष्यभराचं पुण्य त्या कापडी पिशवीत होतं.

"लेक कसा आहे?" भाजीवालीने आवाज खाली आणून विचारलं.

"आहे."

एवढंच म्हणायचं तिने ठरवून टाकलं होतं. कारण खरं सांगायचं तर मुलाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि दवाखान्यातल्या यंत्रावर रक्त धुऊन घेतलं तरच तो जगत होता. फर्निचरच्या कारखान्यात एकटा कपाट उचलणारा माणूस, आता उशीला टेकून बसला तरी धापा टाकायचा.

भाजीवालीने पालकाची एक जादा जुडी पिशवीत कोंबली. "घ्या. अंगात रक्त भरतं म्हणतात ह्यानं."

म्हातारीने ह्या वेळी खोट काढली नाही.

घर म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला मुलाची खाट, दुसऱ्या टोकाला चूल आणि मोरी, मध्ये दोरीवर टाकलेला पडदा. सून लॉन्ड्रीत इस्त्रीला जायची. सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची तेव्हा तिच्या मनगटांना वाफेचा वास यायचा. बाजार आणि स्वयंपाक म्हातारीकडे. मुलाला दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आणलं त्याच दिवशी सुनेने तिला चुलीपाशी उभं करून सांगितलं होतं.

"आई, ह्याची भाजी बारीक चिरायची. खूप पाण्यात भिजवून ठेवायची. मग दुसऱ्या पाण्यात उकडायची आणि ते पाणी मोरीत ओतायचं. सगळं."

"सगळं?"

"सगळं."

"अगं, सगळा कस तर पाण्यातच उतरतो. मागे राहतो तो चोथा. चोथा खाऊन माणूस उठेल का?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"पण का म्हणून?"

सुनेने खाटेकडे पाहिलं. खाटेवरून नवऱ्याने नुसती मान हलवली, नको म्हणून.

"उग्र असतं ते," सून म्हणाली. "त्याला सोसत नाही."

हे 'उग्र' नवराबायकोने मिळून ठरवलं होतं. झालं होतं असं. आजार कळायच्या आधी तो फार थकायला लागला, तेव्हा म्हातारीने वाट्यातली काळी पडलेली, पण आत मधासारखी गोड केळी आणायचा सपाटा लावला. सकाळी केळं, दुपारी केळं, जोडीला टोमॅटोचा रस. तब्येत काही सुधारली नाही. उलट एक दिवस कारखान्यात तो लाकूड पडावं तसा पडला. डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं की केळ्यांत, टोमॅटोत, पालेभाज्यांत, बटाट्यांत एक क्षार असतो. चांगल्या माणसाला तो बळ देतो, पण ह्याच्या शरीरातून तो बाहेर पडत नाही. साठतो आणि हृदयावर जातो. आजार केळ्यांनी आला नव्हता, पण त्या दिवशी घात केला तो केळ्यांनीच. हे ऐकून तो खाटेवरून बायकोला म्हणाला होता, "आईला केळ्यांचं सांगू नकोस. मोडून पडेल ती." आणि दोघांनी सांगितलं नाही. प्रेमापोटीच सांगितलं नाही. केळी आता त्याला आवडत नाहीत आणि भाजीचं पाणी उग्र असतं, एवढ्यावर भागवलं.

म्हातारीने बरेच दिवस सांगितलं तसंच केलं. पण पातेलं मोरीवर तिरकं करताना ती रोज त्या पाण्याकडे बघत राहायची. एवढ्या खटपटीने निवडून आणलेली भाजी, तिचा सगळा रंग, सगळा वास त्या पाण्यात, आणि ते पाणी फेसाळत गटारात चाललंय. आपण पोराच्या तोंडचं काढून गटाराला भरवतोय, असं तिला वाटायचं. ताटात उरायचा तो ओल्या फडक्यासारखा लगदा. मुलगा तो चमच्याने इकडून तिकडे ढकलायचा. त्याची गालफडं बसत चालली होती.

पालकाची ती जादा जुडी ज्या दिवशी शिजली, त्या दिवशी तिचा हात मोरीपाशी थांबला. पातेल्यात हिरवंगार पाणी होतं. तिने चमचाभर घेऊन चाखलं. जिभेवर घोळवलं, टाळूला लावलं, नाकाने वास घेतला. आयुष्यभर ज्या जिभेने नासकं आणि चांगलं वेगळं केलं, तिला ह्यात उग्र असं काही सापडेना. मऊ होतं, थोडं गोडसरच. तिने पुन्हा चाखलं. मग तिची खात्री झाली की सुनेच्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असणार. दमूनभागून येणारी पोर, डॉक्टरसमोर घाबरलेली, अर्धं ऐकलं असेल, अर्धं विसरली असेल.

तिने फडक्याने पाणी गाळलं, वर लिंबू पिळलं आणि वाटी घेऊन पडद्यापलीकडे गेली.

"काय आहे?" मुलाने विचारलं.

"सूप."

त्याने वाटीत पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. त्याला दिवसाला पाणी मोजून मिळायचं. ओठांना भेगा पडलेल्या असायच्या. त्याने वाटी दोन्ही हातांत धरली आणि एका दमात संपवली.

"बरं लागलं?"

"बरं लागलं."

"सूनबाईला बोलू नकोस हं. उगाच डॉक्टरांचं पुराण काढेल."

"नाही बोलत."

त्या दिवसापासून सून कामाला गेली की दुपारी वाटी जायची. कधी पालकाची, कधी बटाट्याची, कधी सगळ्या वाट्यांची मिळून. म्हातारीला त्याच्या चेहऱ्यावर तेज दिसू लागलं. दिसणारच. ती रोज तेच शोधत होती. संध्याकाळी दिवा लावून ती देवापुढे हात जोडायची आणि म्हणायची, बाबा, वाट तूच दाखवलीस.

पुढच्या आठवड्यात मुलगा म्हणाला की पायांना मुंग्या येतात. ती तेल चोळत बसली.

मग एके सकाळी सून डबा भरत असताना त्याने हाक मारली. आवाज अगदी साधा होता. "अगं, पाय उचलत नाहीत."

"कुठले?"

"माझेच. कारखान्यात विसरून आलो वाटतं."

सून हसत पडद्याआड गेली आणि तिथून तिचं हसू परत आलं नाही. शेजारच्या टेम्पोवाल्याने त्याला पाठुंगळीवर घेऊन खाली आणलं. म्हातारीने हाताला लागली ती बाजाराची पिशवीच उचलली, त्यात त्याचा टॉवेल टाकला आणि मागोमाग गेली.

दवाखान्यात त्याला आत नेलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. वयाने लहानच होते, पण रात्रपाळीने तोंड ओढलेलं.

"क्षार एवढा वाढलाच कसा?" ते सुनेला म्हणाले. "हृदयाचे ठोके चुकताहेत त्याचे. केळी दिलीत?"

"वर्षभरात घरात केळं आलं नाही."

"टोमॅटो?"

"नाही."

"भाजी उकडून पाणी टाकता ना? की तसंच देता? त्या पाण्यातच सगळं विष असतं, हे तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"टाकतो. रोज टाकतो."

"मग काय हवेतून आलं?"

सुनेचा चेहरा उतरला. ती आठवू लागली. "सुट्टीच्या दिवशी बटाटे मी उकडले होते," ती हळूच म्हणाली. "घाई होती. कमी उकडले गेले असतील. माझ्याकडूनच झालं असेल."

"असं 'झालं असेल' म्हणून चालत नाही बाई. नवरा आहे तुमचा. लक्ष कुठे असतं तुमचं?"

सून खाली मान घालून उभी राहिली. म्हातारी तिच्या मागे, भिंतीला पाठ लावून. 'विष' हा शब्द तिने ऐकला आणि तिच्या कानात दुसरं काही शिरेना. तिच्या डोळ्यांसमोर त्याचे दोन हात आले, वाटी धरलेले. डॉक्टर अजून बोलत होते आणि सून ऐकून घेत होती, न केलेल्या चुकीचं ऐकून घेत होती. आणि म्हातारीची जीभ, बाजारात सगळ्यांना पुरून उरणारी, टाळूला चिकटून बसली होती. नाही बोललं तर कोणाला कळणार होतं? मुलगा बोलणार नव्हता. तिने मनात देवाचा धावा केला. देवा, तू कोणाच्या तरी तोंडून सांग. पण तिथे तिच्याखेरीज ठाऊक असलेलं दुसरं तोंडच नव्हतं.

"मी दिलं," ती म्हणाली.

डॉक्टर वळले. "काय?"

"पाणी. भाजीचं. हिला माहीत नाही. हिला बोलू नका."

"कधीपासून?"

"पालकाची जादा जुडी मिळाली तेव्हापासून."

डॉक्टरांनी म्हातारीकडे पाहिलं. "सांगितलंत ते बरं केलंत," एवढंच म्हणून ते आत गेले.

दोघी बाकावर बसल्या. मध्ये एका माणसाची जागा सोडून. समोरून कोणी झाडू मारत गेला, दोघींनी पाय वर घेतले आणि खाली ठेवले.

"मी तुम्हाला खरं सांगायला हवं होतं," सून शेवटी म्हणाली.

"तू तर सांगितलं होतंस. टाका म्हणून."

"का टाका, ते नाही सांगितलं." मग तिने सांगितलं. क्षाराचं, टोमॅटोच्या रसाचं, आणि शेवटी केळ्यांचं. सांगताना ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"म्हणजे तेव्हाही मीच," म्हातारी म्हणाली.

'नाही हो आई' असं सुनेला म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही.

"मी चिडलेय तुमच्यावर," ती म्हणाली. "आत्ता तुमच्याकडे बघवत नाहीये मला. त्याच्यावरही चिडलेय. सांगू नकोस म्हणाला, आणि मीही ऐकलं. पण तुम्ही कुठे जाऊ नका. इथेच बसा."

म्हातारी बसून राहिली. जायला होतं कुठे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला आत सोडलं. त्याच्या छातीला तारा लावल्या होत्या. डोळे उघडे होते. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. जवळ जायचा तिला धीर होईना.

"तिकडे काय उभी राहिलीस? पाव्हणी आहेस का?" तो म्हणाला.

ती जवळ गेली. "मी सगळं सांगितलं रे डॉक्टरांना. तिलाही."

"बरं केलंस."

"मला कळलं नाही. उग्र लागलं नाही मला."

"आई, सुतार असलो तरी जीभ आहे मला," तो म्हणाला. दम लागत होता, मध्ये मध्ये थांबत होता. "पालकाचं पाणी लपतं का? पहिल्याच घोटाला कळलं."

म्हातारीचा हात चादरीवरच राहिला. "मग प्यायलास का?"

तारांच्या यंत्रावर रेघ चालली होती, मध्येच अडखळत होती.

"तहान लागली होती," तो म्हणाला. "आणि तू वाटी घेऊन समोर उभी होतीस. किती दिवसांनी हसत होतीस. एकदा पिऊन काय होतंय, म्हटलं. मग रोजच एकदा होत गेलं."

"मला एक शब्द बोलला असतास तर."

"हो," तो म्हणाला. "बोलायला हवं होतं."

तिने त्याच्या कपाळावरून हात फिरवला. फळ दाबून बघतात तसा तिच्या बोटांनी आपसूक अंदाज घेतला आणि जे कळलं ते तिने स्वतःलाही कळू दिलं नाही.

संध्याकाळी त्याला पुन्हा यंत्रावर घेतलं. हृदय दमलंय, डॉक्टर म्हणाले, पण रक्त धुतल्यावाचून इलाज नाही. आत एकालाच थांबता येत होतं. सून थांबली.

म्हातारी बाहेर बाकावर बसली. शेजारी एक पोक्त सिस्टर पाय मोकळे करायला येऊन टेकली होती. चहाचा कप हातात होता.

"सिस्टर," म्हातारी म्हणाली, "एक विचारू? त्याला काय चालतं, काय चालत नाही, ते मला सगळं सांगा. कारणासकट सांगा."

"आजी, तुमच्या सुनेकडे लिहिलेलं आहे की."

"मला वाचता येत नाही. आणि बाजार मी करते. तिला वाट्यातलं निवडता येत नाही, कोणीही फसवतं तिला."

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि सांगू लागली. कोबी चालतो, उकडून. काकडी चालते. पालक नाही, रताळं नाही, बटाटा अगदीच क्वचित, तोही दोन पाण्यांतून काढून. सफरचंद चालतं, पण अर्धं. संत्र्याच्या वाटेला जायचं नाही. सुकामेवा नाही. नारळाचं पाणी तर मुळीच नाही, लोक हौसेने पाजतात आणि इथे घेऊन येतात.

"लोक म्हणजे माझ्यासारखे," म्हातारी म्हणाली.

"तुमच्यासारखे पुष्कळ, आजी."

म्हातारी डोळे मिटून प्रत्येक नाव सिस्टरच्या मागून म्हणू लागली. भजनाला बसावं तशी ती पुढेमागे डोलत होती आणि एकेका बोटाचं एकेक पेर दाबत होती. कोबी चालतो. काकडी चालते. सफरचंद अर्धं. पालक नाही. संत्रं नाही. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. सिस्टर दुरुस्त करायची, ती मान डोलवायची. पेरू? पेरू नाही, तोही केळ्यासारखाच. गाजर? उकडून, आणि पाणी टाकून.

"पाणी टाकून," म्हातारी म्हणाली. "सगळं टाकून."

आतलं दार उघडल्याचा आवाज झाला. सिस्टर बोलायची थांबली आणि उठून उभी राहिली. म्हातारीने डोळे उघडले नाहीत. दाराकडून येणारी पावलं तिने ओळखली. ती पावलं तिच्यापाशी येऊन थांबली आणि कोणीतरी अगदी लगटून शेजारी बसलं, मध्ये जागा न सोडता.

"आणि दुधी?" म्हातारीने विचारलं. "दुधी चालतो का ते राहिलं."

सिस्टरने सुनेकडे पाहिलं. उत्तर सुनेने दिलं असतं. 'चालतो' म्हटलं असतं तर म्हातारीचं आणखी थोडा वेळ चाललं असतं, कोबी, काकडी, सफरचंद. शब्द तिच्या ओठांपर्यंत आलाही होता. पण त्या घरात एकमेकांच्या भल्यासाठी झाकून ठेवणं आता पुरे झालं होतं. तिने सासूची ती मिटलेली बोटं आपल्या हातात घेतली, एकेक करून उलगडली आणि सांगितलं.